पुढची जीप थोरल्यांची, मागची धाकट्याची

जीपच्या बरोबर मधोमध चादर टांगायची कल्पना मूळ कोणाची, यावरून त्या घरात अजून वाद आहे. थोरले म्हणतात, धाकट्याची. धाकटा म्हणतो, दादाची. चादर मात्र आईची होती आणि तिला न विचारता नेली होती, एवढ्यावर तिघांचं एकमत आहे.

घर आधीच वाटून झालं होतं. खालचा मजला थोरल्यांचा, वरचा धाकट्याचा, जिना सामाईक, आणि आई सकाळी खाली, संध्याकाळी वर. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नेमकं कशावरून झालं होतं हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण कारण आठवत नाही म्हणून कोणी राग सोडून देत नाही. थोरले वजनमापे खात्यात तपासनीस होते. दुकानदारांच्या तराजूतली खोट काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि समोरचा माणूस लबाडच आहे असं धरून बोलायची सवय घरी आल्यावरही सुटत नसे. धाकट्याचं चष्म्यांचं दुकान होतं. जगात कोणालाच नीट दिसत नाही असं त्याचं मत होतं, आणि दादाला तर मुळीच नाही.

वाटायची राहिली होती ती वडिलांची जीप. वडील जमीन मोजणीच्या कामावर डोंगराडोंगरांतून ती चालवायचे. चारही चाकांनी ओढणारी जुनी, दणकट गाडी. गियरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक आखूड दांडा होता. तो पुढे ढकलला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही चाकं जोर लावायला लागत. दोन्ही मुलं गाडी शिकली ती वडिलांच्या मांडीवर बसून, याच गाडीवर. वडील गेल्यापासून ती अंगणातल्या पत्र्याखाली धूळ खात उभी होती. थोरले रोज कामावर जाताना तिच्याकडे बघायचे नाहीत, कारण बघितलं की राग यायचा आणि सकाळी सकाळी राग वाया घालवणं त्यांना परवडत नव्हतं. दिवसभराचे दुकानदार पुढे असत.

तशात नवा नियम आला. जुन्या गाड्या महिनाअखेरपर्यंत तपासणीच्या मैदानात आणायच्या, आणि नोंदीत जे जे लिहिलं आहे ते ते चालवून दाखवायचं. नाही चाललं तर गाडी जप्त, आणि शेजारच्या भंगाराच्या वाड्यात तिचा दाबून ठोकळा. असं काही ऐकलं की माणसं बसतात, पाणी पितात. थोरले खवळले.

"आई," ते गरजले, "वरच्याला सांग, गाडी मी दुरुस्त करणार आहे. त्याने मध्ये नाक खुपसायचं नाही."

आई जिना चढून वर गेली आणि म्हणाली, "दादा म्हणतोय, गाडीचं त्याच्यावर सोपव, तुला दुकानाचा व्याप असतो."

"त्याला सांग," धाकटा म्हणाला, "गाडी काय त्याच्या एकट्याच्या बापाची नाही."

आई जिना उतरून आली. "तो म्हणतोय, तू एकटा कशाला दमतोस, तोही हात लावेल."

अशा चार-सहा खेपा झाल्यावर तिचे गुडघे बोलायला लागले. मग ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली आणि दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अर्धी अर्धी करा आणि मला मोकळं करा."

कुठल्याही आईने हे रागाच्या भरात म्हटलं असतं आणि कुठल्याही शहाण्या मुलांनी ते कानाआड केलं असतं. या दोघांनी टेप आणून जीप मोजली. दांड्यांच्या पुढचं सगळं थोरल्यांचं, मागचं सगळं धाकट्याचं, दांडे आणि त्यांच्याखालची यंत्रणा जिन्यासारखी सामाईक. अशा रीतीने इंजिन एकाचं झालं आणि डिझेलची टाकी दुसऱ्याची. ब्रेक दाबायचा हक्क थोरल्यांना, ब्रेक लागल्यावर पेटणारा लाल दिवा धाकट्याचा. मध्ये चादर टांगली गेली. सकाळची वेळ थोरल्यांची, संध्याकाळची धाकट्याची. चादरीपलीकडे डोकावायचं नाही, ही अट दोघांनीही आपापल्या मनाने घातली आणि आश्चर्य म्हणजे पाळली.

कामाबद्दल तक्रार करायला जागा नाही. थोरल्यांनी सुट्ट्या टाकून इंजिन उतरवलं, धुतलं, पुन्हा बसवलं. गंजलेले बोल्ट सोडवताना हाताची सालटं निघाली. बायकोने मलम पुढे केलं तर ते तिच्यावरच ओरडले. "अहो, बोल्टचा राग माझ्यावर कशाला?" ती म्हणाली. त्यावर ते आणखी ओरडले.

कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून शेजारी उभे असत. निवृत्तीनंतर या गृहस्थांनी कशातही लक्ष घालायचं बाकी ठेवलं नव्हतं. आयुष्यात सायकलचं पंक्चरही त्यांनी स्वतः काढलं नसेल, पण गल्लीत त्यांना सगळे 'तज्ज्ञ' म्हणत आणि त्यांना ते खरं वाटे.

"स्प्रिंगचे पाटे उंच करा," तज्ज्ञ म्हणाले. "पाटे उंच केले की गाडीला रुबाब येतो."

थोरल्यांनी चिडून सांगितलं की मला रुबाब नको आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुढचे पाटे उंच करून घेतले. मागचे होते तसेच राहिले. धाकट्याला तज्ज्ञांनी संध्याकाळी वेगळाच सल्ला दिला होता. परिणाम असा झाला की जीप नाक वर करून उभी राहिली, नुकतीच बढती मिळालेल्या साहेबासारखी. थोरल्यांनी आपला अर्धा भाग गडद हिरवा रंगवला. धाकट्याने वडिलांच्या वेळचा राखाडी ठेवला.

खरा घोळ पुढेच होता. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या लोखंडी धुऱ्यात, ज्याला कामगार एक्सल म्हणतात, पाणी शिरून आतली चक्रं सडली होती. मागच्याचीही तीच गत. दोन्ही एक्सल भंगारातून आणून बदलण्यावाचून मार्ग नव्हता.

भंगारवाला पान चघळत म्हणाला, "या गाडीचे दोन जातीचे येतात. एक डोंगराचा, एक रस्त्याचा. बाहेरून हुबेहूब एकसारखे. डोंगराचा सावकाश फिरतो पण जोरात ओढतो, रस्त्याचा भराभर फिरतो. पुढे-मागे एकाच जातीचे लागतात बरं का. मागे कुठला आहे?"

"तो माझा भाऊ घेऊन गेला असेल. तुमच्याकडूनच."

"गेलेत ना घेऊन."

"कुठला नेला?"

"ते सांगणार नाही. त्यांनी बजावलंय, दादाला कळता कामा नये. मी दिलेला शब्द मोडत नाही."

"उत्तम," थोरले दात खाऊन म्हणाले. "मग मी कुठला नेतोय तेही त्याला कळता कामा नये."

"दिला शब्द," भंगारवाला म्हणाला, आणि थोरल्यांना त्या क्षणी तो माणूस अतिशय प्रामाणिक वाटला. त्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी क्षमा केली नाही.

आता खरं तर आईला एकदा वर पाठवलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण विचारायचं म्हणजे गरज आहे असं दाखवायचं, आणि थोरल्यांना धाकट्याची गरज असणं ही कल्पनाच संतापजनक होती. ते अंगणात येरझारा घालत बायकोला आणि आईला सांगू लागले, "विचारायचं कशाला? मी ओळखत नाही का त्याला? लहानपणापासून उडाणटप्पू. पळायचं, धडपडायचं, मग भोकाड पसरायचं. त्याने रस्त्याचाच नेलाय. पैज लावतो." आणि त्यांनीही रस्त्याचा आणला.

धाकट्याने नेला होता डोंगराचा.

अंगणातल्या मऊ मातीत गाडी चालवून बघितली तेव्हा काहीच कळलं नाही. मातीत चाकं थोडी घसरतात, आपापसातलं भांडण मिटवून घेतात. तज्ज्ञ भिंतीवरून टाळ्या वाजवत होते. थोरल्यांनी आयुष्यात क्वचित हसायची चूक केली, त्यातली ही एक.

तपासणीच्या दिवशी स्टिअरिंगवर थोरले, मागच्या बाकावर मागे तोंड करून धाकटा, आणि निरोप पोहोचवायला मध्ये आई, अशी वरात निघाली. खिडकीवरच्या कारकुनाने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"रंग कुठला लिहू?"

"पुढे हिरवा, मागे राखाडी," थोरले म्हणाले.

"रंगाला एकच रकाना आहे."

"मग तो रकाना मोठा करा."

"आणि मालक?"

"दोघे."

"मालकालाही एकच रकाना आहे," कारकून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुकानदारांसमोर थोरल्यांच्या चेहऱ्यावर नेमकं तेच असे, आणि म्हणूनच ते त्यांना सहन झालं नाही. आवाज चढले. शेवटी आईने कारकुनाला "बाळा" म्हटलं, त्याच्या तब्येतीची चौकशी केली, आणि त्याने रकान्यात बारीक अक्षरात सगळं कोंबलं.

तपासणीचं मैदान सिमेंटचं होतं, कोरडं ठणठणीत. तपासनीस बाई कडक इस्त्रीच्या गणवेशात आल्या आणि म्हणाल्या, "आखूड दांडा टाका. गोल फिरवून दाखवा."

थोरल्यांनी दांडा ढकलला, क्लच सोडला. जीप थोडी पुढे गेली, कण्हली, टायर किंचाळले, सगळी गाडी अंग चोरून उडी मारल्यासारखी पुढे उसळली आणि मैदानाच्या मधोमध गच्च अडकली. पुढची चाकं निघाली होती पुढे, मागची म्हणत होती सावकाश, आणि दोघांच्या ओढाताणीत तो आखूड दांडा असा आवळला गेला की थोरल्यांनी दोन्ही पाय टेकून ओढला तरी हलेना. मागे गाड्यांची रांग लागली. कोणीतरी हॉर्न वाजवला. थोरल्यांनी खिडकीतून मान काढून त्याला वजनमाप कायद्याखाली काहीतरी करून टाकायची धमकी दिली.

"रिव्हर्स घ्या," तपासनीस बाई म्हणाल्या. "मागे सरकताना क्षणभर ताण सुटेल. तेवढ्यात दुसऱ्याने दांडा ओढायचा."

दुसरा म्हणजे धाकटा. तो मागून वाकून आला, दांडा धरून बसला, नजर मात्र बाहेर.

"आई, त्याला सांग, आता ओढ."

"बाळा, दादा म्हणतोय, जमलं तर आता ओढशील का," आई म्हणाली. तोवर तो क्षण गेला होता. पुन्हा मागे, पुन्हा निरोप, पुन्हा हुकलं. रांगेतली माणसं उतरून बघायला आली. थोरल्यांच्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी होती, आणि चौथ्या की पाचव्या वेळी त्यांच्या तोंडून, थेट, मधे कोणी नसताना, निघून गेलं, "ओढ, गाढवा!"

धाकट्याने ओढलं. दांडा सुटला.

गाडी सुटल्याचा आनंद थोरल्यांना झालाच नाही. इतक्या वर्षांनी आधी आपण बोललो, ही गोष्ट त्यांना सलत राहिली. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आईला सांगून ठेवलं की ते मी गाडीला म्हणालो होतो.

तपासनीस बाईंनी खाली वाकून बघितलं. "पुढचा एक्सल वेगळ्या जातीचा आणि मागचा वेगळ्या. कुठलाही एक बदला. सोमवारी शेवटची संधी. त्यानंतर तिकडे," असं म्हणून त्यांनी भिंतीपलीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे भंगाराचा वाडा होता. काहीतरी करकचून दाबलं जात असल्याचा आवाज येत होता.

कुठलाही एक बदला म्हणणं सोपं. कोणाचा? थोरले घरी येऊन सबंध संध्याकाळ फणफणत राहिले. "त्यानेच चूक केली, तोच बदलेल. मी मोठा आहे."

आई त्यांच्यासमोर बसली. "तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, बाबा गाडी डोंगरात न्यायचे, म्हणून मी डोंगराचा घेतला."

असं काही असेल हे थोरल्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या उडाणटप्पूने बाबांचा विचार केला, आणि आपण केला त्याची उणीदुणी काढायचा. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. हा राग त्यांच्या सवयीचा नव्हता, तो कोणावर काढायचा हे कळेना. रात्रभर तळमळून सकाळी ते भंगारवाल्याकडे गेले, रस्त्याचा एक्सल परत टाकला, डोंगराचा उचलला, आणि पुन्हा बजावलं, "माझ्या भावाला कळता कामा नये." भंगारवाल्याने त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

रविवारपर्यंत थोरल्यांनी काम संपवलं. चादरीखालून मागची चाकं काढून ठेवलेली दिसत होती. ब्रेकचं काही चाललं असेल असं त्यांना वाटलं. विचारायचा प्रश्न नव्हता.

सोमवारी त्याच मैदानात, त्याच बाईंसमोर, थोरल्यांनी आखूड दांडा ढकलला आणि ऐटीत क्लच सोडला. जीप कण्हली, टायर किंचाळले, गाडी उसळली आणि अडकली.

मग थोरले सावकाश मागे वळले.

"तू काय केलंस?"

"मी बदलला," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "रस्त्याचा बसवला. तुझ्यासारखा."

"कोणी सांगितलं होतं बदलायला? मी बदलला, डोंगराचा बसवला, तुझ्यासारखा!"

"तू कशाला बदललास? तू तर माझ्यासाठी रस्त्याचा घेतला होतास. मला वेग आवडतो म्हणून. आईने सांगितलं मला."

"मी? तुझ्यासाठी?" थोरल्यांचा आवाज फाटला. "मी म्हणालो होतो, तू उडाणटप्पू आहेस म्हणून तू रस्त्याचाच घेशील. आणि तू बाबांसाठी डोंगराचा घेतलास ना?"

"बाबांचा काय संबंध? मी म्हटलं, दादा घाबरट आहे, मुंगीच्या पावलाने चालवतो, तो डोंगराचाच घेणार. म्हणून घेतला."

दोघेही हळूहळू आईकडे वळले. ती मध्ये बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

"बघता काय?" ती म्हणाली. तिचा आवाज दोघांनी कधी ऐकला नव्हता असा होता. "मग काय सांगायचं होतं मी? तू त्याला गाढव म्हणालास आणि तो तुझा बाप काढतो, ते जसंच्या तसं सांगत जिना चढायचा? इतकी वर्षं मी त्या जिन्यावर खोटं बोलतेय. वर जाताना एक खोटं, खाली येताना दुसरं. त्या खोट्यावर हे घर उभं आहे. आता मला जमणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर ज्याच्या त्याच्या तोंडावर द्या. माझे गुडघे गेले, निदान जीभ तरी राहू द्या."

ती गाडीतून उतरली आणि कारकुनाच्या खुर्चीवर जाऊन बसली. कारकून उठून उभा राहिला होता.

तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं. "फाटक संध्याकाळी बंद होतं. तोपर्यंत जुळवलंत तर मी शिक्का मारते. नाही तर माझ्या हातात काही नाही."

मागच्यासारखाच दांडा सोडवून जीप भिंतीपलीकडे नेली. भंगारवाल्याने हात वर केले. "मी शब्द दिला होता. दोघांनाही." थोरल्यांनी त्याला जे सुनावलं ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य होतं आणि ते इथे देता येण्यासारखं नाही. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पुढच्या बाजूने गाडीखाली शिरले. मागच्या बाजूने धाकटा शिरला.

"बाहेर नीघ," थोरले गाडीखालून म्हणाले. "मी माझा काढतोय."

"मी माझा काढतोय. चूक माझी होती."

"चूक माझी होती. मी मोठा आहे."

"मोठा आहेस म्हणून चूकही तुझीच का? लहानपणापासून प्रत्येक गोष्ट तुझीच."

"पाना खाली ठेव म्हणतो ना."

"नाही ठेवत."

दोघेही आपापले बोल्ट सोडत होते. अजून थोडा वेळ गेला असता तर जीपला एकही एक्सल उरला नसता. शेवटी थोरले सरपटत मागे गेले आणि त्यांनी धाकट्याच्या हातातला पाना हिसकावला. लोळणफुगडी होता होता राहिली. दोघेही तेलाने माखले होते आणि धापा टाकत होते. धाकट्याचा चष्मा वाकडा झाला होता. तो थोरल्यांनी बोटाने सरळ केला, रागारागाने.

"पुढचा काढायचा," ते म्हणाले. "रस्त्याचा बसवायचा. तू बसवलेला राहील. आणि आता तोंड बंद ठेवून मदत कर."

तोंड बंद राहिलं नाही. बोल्ट लागले ते शिव्यांच्या संगतीने, आणि त्या दोघांकडे इतक्या शिव्या साठल्या असतील अशी भंगारवाल्याला कल्पना नव्हती. उन्हं उतरली तेव्हा एक्सल बसला. जुळतंय की नाही पाहायची एकच खात्रीची रीत होती, ती तपासनीस बाईंनी भिंतीवरून सांगितली. एकाने चाक हाताने एक पूर्ण वेढा फिरवायचं, दुसऱ्याने त्या एक्सलला जोडलेली गाडीखालची लांब दांडी किती वेळा फिरते ते मोजायचं. पुढे आणि मागे आकडा एकच यायला हवा.

थोरले चाक फिरवू लागले. धाकटा खाली पाठीवर आडवा झाला आणि मोजू लागला. पुढचं झालं. मग मागचं झालं.

"आलं," तो गाडीखालून म्हणाला. "सारखंच आलं."

भिंतीपलीकडून बाईंनी हाक मारली, "झालं का?"

थोरल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. गाडीखालून येणारा तो आवाज त्यांनी इतक्या जवळून कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. मोजताना तो अजूनही लहानपणासारखा प्रत्येक आकड्यावर जरा थांबत होता. हे आपण कान देऊन ऐकतोय, याचा थोरल्यांना प्रचंड संताप आला.

"माझा तुझ्यावर विश्वास नाही," ते चाक पुन्हा धरत म्हणाले. "परत मोज. आणि मोठ्याने मोज."